वीस ग्रॅमचे दोन प्रवासी

एक तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नुकतेच वाळूतून वर आलेले लॉगरहेड जातीच्या समुद्रकासवाचे पिल्लू ठेवा. दुसऱ्या पारड्यात उत्तर युरोपातला रॉबिन पक्षी ठेवा. पारडी जवळजवळ समतोल राहतील, कारण दोघांचेही वजन वीस ग्रॅमच्या आसपास असते. पुढे या कासवाचे वजन शंभर किलोग्रॅमच्या वर जाते आणि रॉबिन मात्र जन्मभर वीस ग्रॅमचाच राहतो.

दोघांत दुसरे साम्य काय? वरवर पाहता काहीच नाही. एक सरपटणारा प्राणी, दुसरा गाणारा पक्षी. एक पाण्यातला, दुसरा हवेतला. त्यांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे झाले त्याला पंचवीस कोटी वर्षे उलटून गेली आहेत. परंतु दोघांपुढेही एकच अवघड प्रश्न उभा असतो. आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास करायचा, तोही बहुधा काळोखात आणि वाट दाखवायला आईबाप बरोबर नसताना.

रॉबिन हा छातीवर नारिंगी रंग असलेला छोटासा पक्षी आहे. आपल्याकडचे दयाळ आणि चिरक हे त्याच्याच कुळातले. स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिक समुद्राच्या परिसरातले रॉबिन शरद ऋतूत रात्री उडत नैर्ऋत्येकडच्या उबदार प्रदेशात जातात. लॉगरहेडचे पिल्लू समुद्रात शिरते, गल्फ स्ट्रीम या प्रवाहात सापडते आणि उत्तर अटलांटिकमध्ये चक्राकार फिरणाऱ्या प्रवाहांबरोबर काही वर्षे काढून पुन्हा अमेरिकेच्या किनाऱ्याकडे येते. दोघांनाही मदत होते ती पृथ्वीच्या चुंबकत्वाची. पण दोघे त्याचा उपयोग एकाच रीतीने करतात का? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिघांना एकत्र यावे लागले.

आकाशातून जमिनीत शिरणाऱ्या रेषा

होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते हे तुम्हाला ठाऊक आहे. परंतु पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा जमिनीला समांतर नसतात. उत्तर गोलार्धात त्या तिरप्या होऊन जमिनीत शिरतात. क्षितिजसमांतर पातळीशी त्या जो कोन करतात, त्याला नतिकोन म्हणतात.

हा कोन घरीही पाहता येतो. शिवणाची एक लांब सुई घ्या. तिच्या मध्यावर बारीक धागा बांधून ती अगदी आडवी राहील अशी टांगा आणि धागा सरकू नये म्हणून तिथे मेणाचा थेंब लावा. आता सुईचा समतोल न बिघडवता लोहचुंबकाच्या एकाच ध्रुवाने तिच्यावरून एकाच दिशेने पंचवीस-तीस वेळा घासा. चुंबक दूर ठेवून सुई पुन्हा टांगा. ती उत्तर-दक्षिण तर होईलच, शिवाय तिचे उत्तरेकडचे टोक किंचित खाली झुकलेले दिसेल. (धागा थोडा ओढून धरतो, म्हणून खरा कोन मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ‘डिप सर्कल’ हे उपकरण असते.)

मुंबई-अलिबागकडे हा कोन २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आहे. जर्मनीतील फ्रँकफर्टला तो सुमारे ६६ अंश आहे. ध्रुवाजवळ तो ९० अंश होतो आणि चुंबकीय विषुववृत्तावर शून्य. केरळातील थुंबा हे ठिकाण या चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. म्हणूनच १९६३ मध्ये भारताचे पहिले संशोधन-रॉकेट सोडण्यासाठी त्या जागेची निवड झाली.

नतिकोनाप्रमाणेच क्षेत्राची तीव्रताही जागोजागी बदलते. पृथ्वीच्या पाठीवर ती साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. नतिकोन आणि तीव्रता हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

पिंजऱ्यातला रॉबिन

स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यात ठेवलेला पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होतो आणि ज्या दिशेला जायचे असते त्याच बाजूला उड्या मारू लागतो. फ्रँकफर्ट येथील वोल्फगांग विल्चको यांनी १९६० नंतरच्या दशकात या सवयीचा फायदा घेतला. पिंजऱ्यातून ना आकाश दिसत होते ना तारे. तरीही रॉबिन योग्य दिशेला उड्या मारत होते. पिंजऱ्याभोवती तारेची मोठी वेटोळी बसवून त्यांतून वीज सोडली आणि चुंबकीय उत्तर फिरवली, की पक्ष्यांची दिशाही तितकीच फिरत असे.

१९७२ मध्ये वोल्फगांग आणि रोस्विता विल्चको यांनी आणखी एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनी क्षेत्राचा आडवा घटक तसाच ठेवून फक्त उभा घटक उलटा केला. होकायंत्राच्या दृष्टीने यात काहीच बदलले नव्हते. सुईचे टोक पूर्वीसारखेच उत्तर दाखवत होते. परंतु रॉबिन मात्र बरोबर उलट दिशेला उड्या मारू लागले! आडवा आणि उभा असे दोन्ही घटक एकदम उलटे केले, तेव्हा सुई उलटी फिरली आणि पक्षी आपल्या मूळ दिशेवर कायम राहिले.

याचा अर्थ असा, की रॉबिनला उत्तर ध्रुव कोणता आणि दक्षिण ध्रुव कोणता हे कळत नाही. त्याला क्षेत्ररेषेचा तिरपेपणा कळतो. ज्या बाजूला रेषा जमिनीकडे झुकते ती ध्रुवाची बाजू, आणि उलट बाजू विषुववृत्ताची. आपल्या खिशातल्या होकायंत्रापेक्षा हे निराळे यंत्र झाले. चुंबकीय विषुववृत्तावर, जिथे रेषा आडव्याच असतात, तिथे ते निरुपयोगी ठरेल.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढे आढळून आली. निळ्या किंवा हिरव्या मंद प्रकाशात रॉबिनला दिशा सापडते, पण पिवळ्या किंवा तांबड्या प्रकाशात तो गोंधळतो. म्हणजे चुंबकत्व ओळखण्यासाठी त्याला प्रकाश लागतो, आणि तोही विशिष्ट रंगांचा.

टाकीतले कासव

लॉगरहेडच्या पिल्लांवरील प्रयोगांचा पाया अमेरिकन शास्त्रज्ञ केनेथ लोमन यांनी घातला. १९९१ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिल्लाच्या अंगात कापडाची छोटी बंडी घालायची, तिला दोरा बांधायचा आणि तो दोरा पाण्याच्या टाकीच्या मध्यावरील फिरत्या दांडीला जोडायचा. पिल्लू जिकडे पोहेल तिकडे दांडी वळते आणि दिशेची नोंद होते. टाकीभोवती इथेही तारेची वेटोळी होतीच.

पिल्लांना आधी पूर्वेला एक मंद दिवा दाखवला. नंतर तो विझवून पूर्ण अंधार केला. तरीही पिल्ले पूर्वेकडेच पोहत राहिली. चुंबकीय क्षेत्र उलटे केले, तेव्हा ती उलट वळली. पुढे असेही दिसले, की दिवा पश्चिमेला दाखवला तर पिल्ले नंतर अंधारात पश्चिम धरतात. याचा अर्थ, किनाऱ्यावर दिसलेल्या उजेडाच्या आधारे ती आपले होकायंत्र ‘लावून’ घेतात. त्यांचेही होकायंत्र रॉबिनप्रमाणे तिरपेपणावरच चालते, असे १९९३ मध्ये सिद्ध झाले. फरक एवढाच, की कासवाचे होकायंत्र गडद काळोखातही काम करते.

इथवर दोघांची बरोबरी झाली. पण २००१ मध्ये लोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याने कासवाचे पारडे जड झाले. त्यांनी फ्लोरिडातल्याच टाकीत अटलांटिकमधील दूरदूरच्या ठिकाणांची चुंबकीय क्षेत्रे निर्माण केली. नतिकोन आणि तीव्रता या दोन आकड्यांची जोडी तेवढी बदलायची. टाकी तीच, पाणी तेच. उत्तर फ्लोरिडाजवळचे क्षेत्र दिले, तेव्हा पिल्ले पूर्वेच्या बाजूला पोहू लागली. पोर्तुगालजवळच्या समुद्रातले क्षेत्र दिल्यावर ती दक्षिणेकडे वळली. चक्राकार प्रवाहाच्या दक्षिण कडेचे क्षेत्र दिले, तेव्हा त्यांनी पश्चिम-वायव्येचा मार्ग धरला.

नकाशा उघडून या तिन्ही दिशा काढून पाहा. प्रत्येक ठिकाणी ती दिशा पिल्लाला उबदार प्रवाहाच्या चक्रातच ठेवणारी आहे. पोर्तुगालजवळ जे पिल्लू दक्षिणेला वळणार नाही ते प्रवाहाबरोबर उत्तरेच्या थंड पाण्यात जाऊन मरेल. आणि ध्यानात घ्या, ही पिल्ले समुद्रात कधी गेलीच नव्हती!

होकायंत्र म्हणजे नकाशा नव्हे

होकायंत्र ‘उत्तर कुठे आहे’ हे सांगते. ‘मी कुठे आहे’ हे ते सांगत नाही. तुम्हाला डोळे बांधून एखाद्या अनोळखी माळावर सोडले आणि हातात उत्तम होकायंत्र दिले, तरी घरी जायला कोणती दिशा धरावी हे कळणार नाही. त्यासाठी नकाशा हवा.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत हा भेद डच शास्त्रज्ञ पर्डेक यांच्या प्रयोगातून उघड झाला. त्याचा अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्थलांतराच्या वाटेवरचे अकरा हजारांहून अधिक युरोपीय मैना (स्टारलिंग) पक्षी हॉलंडमध्ये पकडले, पायांत कडी घातली आणि स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. अनुभवी पक्ष्यांनी दिशा बदलली आणि ते आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेले तरुण पक्षी मात्र मूळच्याच दिशेने उडत राहिले आणि भलत्याच प्रदेशात, थेट स्पेनपर्यंत पोचले. तरुण पक्ष्याजवळ जन्मजात दिशा असते, ठिकाणाची जाण अनुभवाने येते.

कासवाचे पिल्लू या बाबतीत वेगळे पडते. होकायंत्राबरोबर ओबडधोबड का होईना, पण नकाशा घेऊनच ते अंड्यातून बाहेर येते. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. वाट चुकलेला पक्षी झाडावर उतरून विसावा घेऊ शकतो, काही खाऊ शकतो. समुद्रातल्या पिल्लाला थांबायला जागा नसते आणि प्रवाह त्याला सारखा वाहून नेत असतो. आपण कुठे वाहत आलो हे कळल्यावाचून केवळ दिशेचा त्याला फारसा उपयोग नाही.

पदार्थविज्ञानाची हरकत

आता आमच्या विषयाची हरकत ऐका. पृथ्वीचे क्षेत्र फार दुबळे आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवायचा साधा चुंबकसुद्धा त्याच्या शंभरपट प्रबळ असतो. शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनवर या क्षेत्राचा परिणाम होतो त्याची ऊर्जा, आणि शरीराच्या उष्णतेमुळे रेणूंची जी खळबळ चाललेली असते तिची ऊर्जा, यांची तुलना केली तर खळबळ जवळजवळ एक कोटी पटींनी मोठी निघते. जत्रेच्या गोंगाटात मुंगीची पावले ऐकू यावीत, तसलाच हा प्रकार. मग प्राण्यांना हे क्षेत्र कळते तरी कसे?

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट एकजुटीची. मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या एका सूक्ष्म स्फटिकात असंख्य इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. असे पंधरा-वीस स्फटिक माळेसारखे ओवले, की त्यांचा जोर उष्णतेच्या खळबळीवर मात करतो. निसर्गात हे घडते. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी चुंबकाच्या दिशेने पोहणाऱ्या जिवाणूंचा शोध प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीरात स्फटिकांची अशीच माळ आढळली.

दुसरी वाट युक्तीची. जमिनीवर आडवे पडलेले नाणे फुंकरीने उलटत नाही. पण तेच नाणे कडेवर उभे असेल तर? हलकीशी फुंकरही छापा की काटा हे ठरवू शकते. काही रेणूंवर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन असलेली जोडी क्षणभर तयार होते. ही जोडी कडेवरच्या नाण्यासारखी असते. तिचा शेवट या रासायनिक क्रियेत व्हायचा की त्या, हे ठरवण्यात दुबळे चुंबकीय क्षेत्रही भाग घेऊ शकते. क्लाउस शुल्टेन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. रॉबिनच्या डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन असते. निळ्या प्रकाशाने त्यात अशा जोड्या तयार होतात, आणि काचपात्रात, पृथ्वीपेक्षा पुष्कळ प्रबळ क्षेत्रात, त्यावर चुंबकाचा परिणाम होतो असे २०२१ मध्ये दाखवण्यात आले. पक्ष्याला प्रकाश का लागतो, याचा उलगडा या कल्पनेने चांगला होतो.

रेडिओलहरींची साक्ष

दोन वाटांपैकी कोणती खरी, हे तपासायचे कसे? त्यासाठी एक सुंदर कसोटी आहे. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखा डोलतो. क्षेत्र १ मायक्रोटेस्ला असेल तर सेकंदाला सुमारे २८ हजार वेळा. फ्रँकफर्टचे क्षेत्र सुमारे ४६ मायक्रोटेस्ला धरा. गुणाकार केलात तर उत्तर १,२८८ किलोहर्ट्झ येईल. आता हा आकडा रेडिओवर शोधा. आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्झचा. म्हणजे हे डोलणे अगदी रेडिओलहरींच्या घरातले आहे! अशा लहरी सोडल्या तर इलेक्ट्रॉनच्या जोडीचा खेळ बिघडेल. मॅग्नेटाइटचा स्फटिक मात्र सेकंदाला दहा-बारा लाख वेळा हलूच शकणार नाही, त्यामुळे त्याला काही फरक पडणार नाही.

२००४ मध्ये रॉबिनवर ही कसोटी लावली. पृथ्वीच्या क्षेत्राच्या शंभराव्या हिश्श्याहूनही दुबळ्या रेडिओलहरींनी पक्ष्यांची दिशा हरवली. जर्मनीतल्या ओल्डनबुर्ग शहरात तर निराळाच अनुभव आला. विद्यापीठाच्या आवारात रॉबिनना दिशाच सापडेना. पिंजऱ्याच्या खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, म्हणजेच फॅरडेचा पिंजरा तयार केला, तेव्हा पक्षी पुन्हा ताळ्यावर आले. शहरातल्या विजेच्या उपकरणांतून निघणारा चुंबकीय गोंगाट त्यांना आंधळे करत होता. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर हेन्रिक मॉरित्सेन यांच्या गटाने २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

विजेने चुंबकीय कामात अडथळा आणल्याचे आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे आधीच ओळखून नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले. ट्रामचा उपद्रव मंद बदलणाऱ्या क्षेत्राचा, ओल्डनबुर्गचा रेडिओलहरींचा. पण धडा एकच. वेधशाळेला अलिबागला जाता आले, रॉबिनला मात्र शहरांवरूनच जावे लागते.

आणि कासव? त्याची साक्ष २०२५ मध्ये निघाली. लोमन यांच्या गटाने लहान लॉगरहेडना एका ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रात खाऊ दिला, दुसऱ्या ठिकाणच्या क्षेत्रात दिला नाही. काही दिवसांनी खाऊच्या ठिकाणचे क्षेत्र नुसते सुरू केले, तरी कासवे डोके वर काढून, तोंड उघडून, पाय आपटत नाचू लागली. म्हणजे त्यांनी त्या जागेची चुंबकीय खूण पाठ केली होती. मग रेडिओलहरी सोडल्या. नाच थांबला नाही! पण त्याच तऱ्हेच्या लहरींत दिशा धरण्याचा प्रयोग केला, तेव्हा कासवांची दिशा हरवली.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. एकाच कासवात होकायंत्र निराळे आणि नकाशा निराळा आहे. दोघांची यंत्रणाही वेगवेगळी असली पाहिजे. ‘पक्ष्याची वाट युक्तीची, कासवाची एकजुटीची’ अशी सोपी वाटणी करता येत नाही. कासवाच्या नकाशामागे मॅग्नेटाइट असावे असा तर्क आहे, पण तसे स्फटिक असलेली ज्ञानपेशी अजून कोणी दाखवलेली नाही. कबुतराच्या चोचीत त्या सापडल्याचे एकदा वाटले होते. २०१२ मध्ये तपासून पाहिले, तर त्या लोह साठवणाऱ्या साध्या पांढऱ्या पेशी निघाल्या! आणि अंधारात चालणारे कासवाचे होकायंत्र रेडिओलहरींनी का बिघडते, हे कोडे तर आता नव्याने पडले आहे.

आपला किनारा

कोकणच्या वाळूत अंडी घालते ते लॉगरहेड नव्हे, ऑलिव्ह रिडले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरून एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले. तिचे नाव ‘प्रथमा’. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली दुसरी एक मादी जानेवारी २०२५ मध्ये चक्क गुहागरला अंडी घालताना आढळली. कासव आपल्याच किनाऱ्यावर परतते हा नियम सर्वांना लागू पडत नाही, असे तिने दाखवून दिले. ती कशाच्या आधारे आली, हे तिच्या बिल्ल्यावरून कळत नाही. लॉगरहेडवर झाले तसे प्रयोग रिडलेवर व्हायला हवेत.

तोवर एक गोष्ट करण्यासारखी आहे. वाळूतून वर आलेले पिल्लू आधी उजेडाकडे पाहते. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. तिथे आपण झगझगीत दिवे लावले तर पिल्लू उलटे गावाकडे चालू लागते. विणीच्या हंगामात तुमच्या गावच्या पुळणीवर रात्री दिवे किती आणि कोणत्या तोंडाचे आहेत, याची शाळेतर्फे एकदा मोजणी करा आणि ती ग्रामपंचायतीपुढे ठेवा. समुद्राकडे तोंड केलेला एक दिवा विझला, तरी वीस ग्रॅमच्या एखाद्या प्रवाशाची पहिली दिशा चुकणार नाही.